अकरावीतले युद्ध आणि बारावीतली राज्यघटना

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ दर्जाचा, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचा, राज्यव्यवस्थेचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाचे जे मोजके निकाल सक्तीने अभ्यासावे लागतात, त्यांपैकी तीन थेट युद्धातून आलेले आहेत. १९१९ चा शेंक निकाल पहिल्या महायुद्धातल्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रके पाठवणाऱ्या कार्यकर्त्याचा आहे. १९६९ चा टिंकर निकाल व्हिएतनाम युद्धाविषयीची आपली भूमिका दाखवण्यासाठी दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत गेलेल्या आयोवातल्या मुलांचा आहे. आणि १९७१ चा न्यू यॉर्क टाइम्सचा निकाल त्याच युद्धाविषयीचे गोपनीय सरकारी कागद छापण्याच्या हक्काचा आहे. वर्गात मात्र हे तिन्ही निकाल पहिल्या घटनादुरुस्तीच्या प्रकरणात येतात. भाषणस्वातंत्र्याची मर्यादा कोणती, वृत्तपत्रावर आधीच बंदी घालता येते का, एवढ्यापुरतेच ते शिकवले जातात आणि परीक्षेतही तेवढेच विचारले जाते. ज्या युद्धांमुळे हे खटले उभे राहिले, ती युद्धे आदल्या वर्षी इतिहासाच्या तासाला ‘होऊन गेलेली’ असतात. सरकारने लोकांपासून काय लपवले होते म्हणून ते कागद छापण्याजोगे ठरले, हा प्रश्न ना अकरावीत विचारला जातो ना बारावीत.

हा एका अभ्यासक्रमाचा दोष असता तर त्यावर लिहायचे कारण नव्हते. अमेरिकेत राष्ट्रीय अभ्यासक्रम नाहीच. राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नसल्यामुळे तो विषय राज्यांकडे आणि राज्यांकडून बऱ्याच अंशी स्थानिक स्कूल बोर्डांकडे गेला आहे. तरीही विभागणीचा साचा ठिकठिकाणी सारखाच आढळतो. कॅलिफोर्नियात अकरावीला मुख्यतः विसाव्या शतकाचा इतिहास असतो आणि बारावीचे एक सत्र राज्यव्यवस्थेला, दुसरे अर्थशास्त्राला दिलेले असते. टेक्सासमध्ये १८७७ पर्यंतचा इतिहास आठवीत आटोपतो, त्यापुढचा हायस्कूलमध्ये येतो आणि राज्यव्यवस्था पुन्हा स्वतंत्र सत्रात शिकवली जाते. परराष्ट्र धोरण सक्तीचा विषय म्हणून सहसा कुठे दिसत नाही. थोडे इतिहासात, थोडे राज्यव्यवस्थेच्या शेवटच्या प्रकरणात, आणि ते प्रकरण येईपर्यंत बारावीच्या मुलांचे लक्ष पदवीदान समारंभाकडे लागलेले असते. महाराष्ट्रात नववीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकाची सुरुवातच महायुद्धोत्तर घडामोडींनी होते आणि दुसरे प्रकरण भारताच्या परराष्ट्र धोरणाचे असते. ते किती पाठ होते आणि किती समजते हा वेगळा प्रश्न, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे तो विषय ठेवला तरी जातो. ज्या देशाच्या लष्करी निर्णयांचे पडसाद साऱ्या जगात उमटतात, त्या देशातली मुले मात्र अठराव्या वर्षी मतदान करायला निघतात तेव्हा त्या निर्णयांची घटनात्मक वाट कोणती, हे त्यांनी कुठेच सलग पाहिलेले नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की इतिहास, राज्यव्यवस्था आणि परराष्ट्र धोरण हे हायस्कूलमध्ये तीन विषय म्हणून नव्हे, तर एकाच विषयाच्या तीन बाजू म्हणून शिकवले पाहिजेत. आणि ते शिकवण्याचे साधन घटनांची जंत्री नसून निर्णय असले पाहिजेत. कोणी निर्णय घेतला, कोणत्या अधिकाराने घेतला, त्या वेळी त्याच्या समोर कोणते कागद होते, विरोध कोणी केला आणि परिणाम कोणाला भोगावे लागले, हे सगळे एकाच वर्गात, एकाच आठवड्यात मुलांसमोर यायला हवे.

अमेरिकेत इतिहासशिक्षणावर जे वाद होतात, त्यांत हा मुद्दा जवळजवळ येतच नाही. वाद भरपूर होतात. १९९४ मध्ये इतिहासाच्या राष्ट्रीय मानकांचा मसुदा निघाला तेव्हा तो देशाची बदनामी करणारा आहे असे म्हणत जानेवारी १९९५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्याविरुद्ध ठराव केला. २०१४ मध्ये ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या इतिहासाची नवी चौकट आली. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीत तिला कात्री लावण्याचा बोर्डाचा विचार कळताच विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले, आणि २०१५ मध्ये ती चौकट पुन्हा बदलली गेली. त्याच वर्षी टेक्सासमध्ये वापरल्या जाणाऱ्या भूगोलाच्या एका पुस्तकात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लाखो लोकांचा उल्लेख ‘कामगार’ असा आढळला आणि प्रकाशकाला माघार घ्यावी लागली. २०१९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने गुलामगिरीला केंद्रस्थानी ठेवून देशाच्या इतिहासाची मांडणी केली. तिला उत्तर म्हणून ट्रम्प यांनी ‘१७७६’ च्या नावाने आयोग नेमला, बायडन यांनी पदग्रहणाच्या दिवशीच तो बरखास्त केला आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो पुन्हा जिवंत केला. फ्लोरिडाच्या २०२३ च्या मानकांत तर गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्ये काही वेळा त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली, अशा आशयाचे वाक्य घालण्यात आले.

या वादातल्या दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या आहेत असे मी मानत नाही. फ्लोरिडाचे ते वाक्य निर्लज्ज आहे आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे. परंतु इतिहास हा मुलांच्या मनात एखादी भावना रुजवण्यासाठी असतो, हे गृहीतक दोन्हीकडे सारखेच दिसते. भांडण आहे ते ती भावना अभिमानाची असावी की अपराधाची, यावर. भावना रुजली की नागरिक घडला, असे मानणाऱ्यांना एखादा ठराव कसा मंजूर झाला हे तपशिलाने शिकवण्याची गरज वाटत नाही. परिणामी तीस वर्षे भांडूनही मुलांच्या हाती फारसे काही लागलेले नाही. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतली इतिहासात प्रवीण ठरलेली मुले १३ टक्के होती आणि नागरिकशास्त्रात २२ टक्के.

असे आकडे आले की एक सोपा उपाय पुढे येतो: नागरिकत्व घेऊ पाहणाऱ्या परदेशी माणसाला जी प्रश्नावली पाठ करावी लागते, तीच शाळेतल्या मुलांना द्या. ॲरिझोनाने २०१५ मध्ये सर्वांत आधी असा कायदा केला आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी तो उचलला. ग्रीन कार्डावरून नागरिकत्वाकडे जाणाऱ्या मराठी घरांत २०२५ पर्यंत वापरात असलेली शंभर प्रश्नांची यादी बऱ्याच जणांनी फ्रिजवर चिकटवलेली होती, त्यामुळे एक गंमत त्यांना लगेच पडताळून पाहता येईल. त्या यादीत केंद्र सरकारचा एक अधिकार सांगा, असा प्रश्न होता आणि ‘युद्ध पुकारणे’ हे त्याचे एक बरोबर उत्तर होते. पुढे १९०० नंतरच्या शतकात देशाने लढलेले एक युद्ध सांगा, असा प्रश्न होता आणि त्याची पाच मान्य उत्तरे होती: पहिले महायुद्ध, दुसरे महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, आखाती युद्ध. या पाचांपैकी शेवटच्या तिन्ही युद्धांत अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, युद्ध पुकारलेच नव्हते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे चोख देणाऱ्या माणसाला ही विसंगती कोणी विचारत नाही, आणि ज्याच्या लक्षात ती येते त्याला तिच्यासाठी गुण मिळत नाहीत. पाठांतराला माझा तात्त्विक विरोध नाही. सनावळ्या पाठ असलेल्या माणसाला फसवणे थोडे अवघड जाते. परंतु दोन बरोबर उत्तरे शेजारीशेजारी ठेवून त्यांच्यामधला प्रश्न पाहणे हेच तर शिकवायचे असते.

हा प्रश्न शिकवण्यासाठी ऑगस्ट १९६४ मधल्या एका आठवड्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. २ ऑगस्टला टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी हल्ला केला; ही घटना खरी आहे. ४ ऑगस्टच्या रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या दोन नौकांवर दुसरा हल्ला झाल्याचे संदेश आले, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून प्रतिहल्ल्याची घोषणा केली. ७ ऑगस्टला काँग्रेसने ठराव केला: अमेरिकी सैन्यावरचे हल्ले परतवण्यासाठी आणि पुढचे आक्रमण रोखण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्यास राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे दोघे म्हणजे ओरेगनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. या ठरावावर पुढची सारी लढाई उभी राहिली आणि तिच्यात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्याच्या कितीतरी पट व्हिएतनामी माणसे मेली.

वर्गात हे दोन टप्प्यांत शिकवावे. पहिल्या दिवशी मुलांच्या हाती तीनच कागद द्यावेत: युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला देणारे राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातले कलम, जॉन्सन यांचे त्या रात्रीचे भाषण आणि ठरावाचा मसुदा. तुम्ही सिनेटर आहात, निवडणूक तीन महिन्यांवर आली आहे, आपल्या नौकांवर हल्ला झाला आहे. मत द्या आणि कारण लिहा. बहुतेक मुले ठरावाच्या बाजूने मत देतील आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण त्या ८८ जणांसमोरही जवळपास तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी चौथा कागद द्यावा. ४ ऑगस्टलाच त्या नौकांच्या तुकडीचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी वर कळवले होते की टॉर्पेडोच्या अनेक नोंदी शंकास्पद वाटतात, हवामानामुळे रडारवर भलतेच दिसले असावे, सोनार ऐकणारे अतिउत्साही होते, आणि पुढे काही करण्याआधी नीट शहानिशा व्हावी. हा संदेश सिनेटच्या पटलावर आला नाही. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या स्वतःच्या इतिहासकाराने मांडले आणि तो अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. त्यानंतर मॉर्स यांचे भाषण वाचायला द्यावे आणि १९६८ मध्ये मॉर्स व ग्रूनिंग दोघेही आपापल्या जागा गमावून बसले, हेही सांगावे. नाहीतर सत्य बोलणाऱ्याला इतिहास लगेच न्याय देतो अशी भाबडी समजूत मुले घेऊन जातील.

या दोन दिवसांत राज्यघटना शिकवून झाली, इतिहास शिकवून झाला आणि परराष्ट्र धोरणही. न्यू यॉर्क टाइम्सचा १९७१ चा निकाल इथेच जोडावा, कारण जे सात हजार पानी कागद छापण्यावरून तो खटला झाला, त्यांत टोंकिनच्या काळातले दस्तऐवजही होते. शिवाय हा धागा मागेपुढे हवा तितका ताणता येतो. १८४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी अमेरिकी भूमीवर अमेरिकी रक्त सांडले असे सांगून मेक्सिकोविरुद्ध युद्ध मागून घेतले, तेव्हा पुढच्या वर्षी काँग्रेसमध्ये नवखा असलेल्या लिंकन यांनी ठराव मांडून ती जागा नेमकी कोणती ते दाखवा, असे विचारले होते. त्या युद्धात मिळालेल्या जमिनीवरच आजचे कॅलिफोर्निया उभे आहे, त्यामुळे सॅन होजेतल्या वर्गात हा प्रश्न काही लांबचा राहत नाही. काँग्रेसने शेवटचे युद्ध पुकारले ते १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. व्हिएतनामचे चटके बसल्यावर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने कायदा केला की सैन्य कारवाईत उतरवल्यापासून ४८ तासांत राष्ट्राध्यक्षांनी कळवावे आणि संमतीविना ६० दिवसांनंतर कारवाई थांबवावी. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बळाच्या वापराला संमती देणारा ठराव आला तेव्हा दोन्ही सभागृहांत मिळून एकच विरोधी मत पडले, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्बफेक झाली आणि तीही काँग्रेसच्या संमतीविना. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांचे हात बांधणारा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. टोंकिनचा पाठ शिकलेली मुलगी ही बातमी वाचताना कोणता पक्ष कोणत्या बाजूला, एवढ्यावर थांबणार नाही.

आता एक उदाहरण असे, की जे भारतातून आलेल्या आईवडिलांना अर्धेमुर्धे ठाऊक असते आणि त्यांच्या तिथे वाढलेल्या मुलांना बहुधा अजिबात नाही. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे ‘एंटरप्राइज’ हे जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले होते, ही गोष्ट आपल्याकडे त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. परंतु आपण ती ‘अमेरिका आपल्याविरुद्ध होती’ या एका वाक्यात संपवतो, आणि ते वाक्यही हायस्कूलच्या वर्गासाठी अपुरे आहे. कारण त्याच अमेरिकेचे ढाक्यातले वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी वॉशिंग्टनला तार पाठवून पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीपुढे गप्प बसण्याच्या आपल्याच सरकारच्या धोरणाशी लेखी असहमती नोंदवली होती. वीस अधिकाऱ्यांच्या सह्यांचा मजकूर ब्लड यांनी आपला पाठिंबा जोडून पुढे पाठवला. परराष्ट्र खात्यात असहमती कळवण्याची अधिकृत वाट व्हिएतनामच्या काळातच सुरू झाली होती, आणि तिचा हा सर्वांत ठळक वापर. निक्सन आणि किसिंजर यांना त्या वेळी चीनकडे जाणारा पाकिस्तानमार्गे रस्ता हवा होता. जुलैमध्ये किसिंजर त्याच वाटेने गुपचूप पेकिंगला गेले. ब्लड यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली.

आता या प्रसंगात शिकवण्यासारखे किती आहे ते पाहा. एकाच सरकारमध्ये दोन विवेक असू शकतात. नोकरशाही म्हणजे केवळ आज्ञा पाळणारी यंत्रणा नव्हे. चीनशी संबंध जोडणे हे खरोखरच मोठे काम होते आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजली. अभिमान की अपराध, या मापाने मोजायला गेलात तर हा प्रसंग हातातून निसटतो. ब्लड यांचा अभिमान बाळगायचा आणि निक्सन यांची लाज, की चीनच्या दरवाजाचा अभिमान आणि ढाक्याची लाज? मुलांनी हे ठरवण्याआधी तार वाचलेली असावी, एवढेच.

आणि ती वाचता येते. हा अमेरिकेचा एक थोर गुण आहे आणि तो तिच्याच शाळांत पुरेसा सांगितला जात नाही. परराष्ट्र व्यवहाराची सरकारी कागदपत्रे छापण्याची परंपरा तिथे १८६१ पासून, म्हणजे यादवी युद्धाच्या पहिल्या वर्षापासून, चालू आहे. १९९१ च्या कायद्याने ही मालिका सखोल, अचूक आणि विश्वसनीय असावी आणि साधारण तीस वर्षांत खुली व्हावी, असे बंधन परराष्ट्र खात्यावरच घातले. १९७१ च्या दक्षिण आशियातल्या पेचप्रसंगाचा खंड २००५ मध्ये निघाला आणि आज तो खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. आपल्या सरकारच्या १९७१ मधल्या हालचाली समजून घ्यायच्या असतील तर भारतीय अभ्यासकालाही अनेकदा या अमेरिकी खंडांकडे वळावे लागते, हे आपण इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. स्वतःच्या चुकांचे पुरावे स्वतःच्या खर्चाने छापणारे सरकार, हा देशप्रेमाच्या पाठासाठी ध्वजवंदनापेक्षा मला अधिक भक्कम आधार वाटतो.

विषयांच्या तुकड्यांमुळे होणारे नुकसान परराष्ट्र धोरणापुरतेच थांबत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्या सशस्त्र टोळीने न्यायालयाची इमारत वेढली आणि शरण आलेल्यांसह कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्या प्रकरणातल्या आरोपींच्या शिक्षा १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नव्हे, असे कारण देऊन. १९५० मध्ये त्या जागी फलक लागला, त्यावर या घटनेला ‘दंगल’ म्हटले होते आणि तिने दक्षिणेतल्या उपऱ्यांच्या कुशासनाचा शेवट केला असे लिहिले होते. तो फलक २०२१ मध्ये निघाला. फुल्यांची अर्पणपत्रिका चुकीची नव्हती. तीन लाखांहून अधिक उत्तरेकडचे सैनिक ज्या युद्धात मेले त्याचे फळ म्हणजे ती मुक्ती होती. पण अर्पणपत्रिका आणि कोलफॅक्स एकाच वर्षातले आहेत, हे अमेरिकी मुलाला कोण सांगणार? टेक्सासच्या विभागणीत १८७७ ला रेघ मारलेली असल्यामुळे यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा हा काळ आठवीच्या शेवटच्या आठवड्यांत, मे महिन्यात, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर येतो. चौदावी घटनादुरुस्ती मात्र बारावीत, चार वर्षांनी, एक गुळगुळीत तत्त्व म्हणून समोर येते. तिच्यासाठी कोण मेले आणि ती जवळपास शतकभर कशी निकामी केली गेली, हे तोवर मुले विसरलेली असतात.

या मांडणीवर आक्षेप येतील आणि त्यांतला एक खरोखर अवघड आहे. वेळ नाही, हा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. दोन्ही विषयांत आज जे दोनदा शिकवले जाते ते एकदाच शिकवले तर आठवडे सुटतात. न्यू यॉर्क राज्यात अकरावीचा विषय आणि त्याची राज्य परीक्षा ‘इतिहास व राज्यव्यवस्था’ अशी एकत्रच आहे, आणि त्या परीक्षेत मूळ दस्तऐवज देऊन त्यांच्या आधारे एखादा घटनात्मक वा नागरी प्रश्न उलगडणारा निबंध मागतात. म्हणजे हे करता येते, आणि त्याची परीक्षाही घेता येते. मुले निंदक होतील, सरकारवरचा विश्वास गमावतील, असा दुसरा आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून टोंकिनशेजारी मार्शल योजना ठेवावी. परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी जून १९४७ मध्ये हार्वर्डमध्ये केलेल्या भाषणापासून एप्रिल १९४८ मध्ये ट्रुमन यांची सही होईपर्यंत दहा महिने लागले. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात असूनही सिनेटर व्हँडनबर्ग यांनी आपल्याच पक्षातल्या शंकेखोरांची समजूत घातली, महिनोन्‌महिने सुनावण्या झाल्या, रकमेवर आणि कारभारावर घासाघीस झाली, आणि सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपाच्या उभारणीसाठी गेले. हेही निर्णयच होते, आणि ते घटनेने आखलेल्या वाटेनेच झाले. एक निर्णय तीन दिवसांत आणि अर्ध्या माहितीवर, दुसरा दहा महिन्यांत आणि उघड वादातून. तुलना मुलांनी करावी.

अवघड आक्षेप शिक्षकाचा आहे. गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी वंशभेदासारख्या विषयांवरच्या ‘फूट पाडणाऱ्या संकल्पना’ वर्गात शिकवण्यास मनाई करणारे कायदे केले, त्यांची भाषा जाणूनबुजून सैल ठेवलेली आहे, आणि एका पालकाची तक्रारसुद्धा शिक्षकाला महागात पडू शकते. मूळ कागद वाचायला देणाऱ्या शिक्षकाला ‘हेच कागद का निवडले’ असे कोणीही विचारू शकतो, आणि तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही, कारण निवडीतही पक्षपात लपवता येतोच. माझ्या मते यावर एक व्यावहारिक वाट आहे. निवड एकट्या शिक्षकावर सोडू नये. जिल्ह्याच्या बोर्डाने अशा दहा-बारा निर्णयांचे संच आधीच मंजूर करावेत, प्रत्येक संचात ठरावाच्या बाजूचा आणि विरोधाचा कागद असलाच पाहिजे अशी अट घालावी, आणि सरकारने स्वतः प्रसिद्ध केलेला दस्तऐवज शिकवल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, असे लेखी द्यावे. काँग्रेसची कामकाजाची नोंद आणि परराष्ट्र खात्याचे खंड हे काही विरोधकांचे प्रचारसाहित्य नव्हे. त्यांच्या विरोधात उभे राहणाऱ्याला आपण सरकारचेच छापील शब्द नाकारत आहोत, असे निदान उघडपणे म्हणावे लागेल.

इथे तिथल्या मराठी पालकांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. गणित, विज्ञान, संगणक यांच्या बाबतीत मुलाचा एकेक गुण तपासणारे आपले लोक इतिहासाकडे श्रेणी सांभाळण्याचा विषय म्हणून पाहतात, आणि आपला या देशाच्या इतिहासाशी संबंध १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरच्या व्हिसापासून सुरू होतो असे समजतात. तसे नाही. भगतसिंग थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केली होती. तरीही १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असे म्हणून त्यांचे नागरिकत्व नाकारले. त्यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. त्या निकालानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटला भरला आणि पंडितांनी तो लढून जिंकला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो १९४६ मध्ये, आणि त्याच कायद्याने वर्षाला फक्त शंभर भारतीयांना स्थलांतराची मुभा दिली. तो न्यायालयाच्या हृदयपरिवर्तनातून आला नाही. महायुद्धात आशियातल्या मित्रदेशांना वंशभेदाच्या कायद्यांनी दुखवणे परवडणारे नव्हते. चीनसाठी हा बदल १९४३ मध्ये झाला होता, भारत आणि फिलिपाइन्ससाठी तो युद्ध संपल्यावर झाला. आपल्या मुलांचे तिथे असणेच इतिहास, न्यायालय आणि परराष्ट्र धोरण यांच्या एकत्र गुंत्यातून आलेले आहे, आणि आजची विभागणी त्यांना तो गुंता तीन वेगवेगळ्या वर्गांत सुटासुटा दाखवते किंवा दाखवतच नाही.

स्कूल बोर्डाच्या बैठका खुल्या असतात आणि तिथे दोन-तीन मिनिटे बोलण्यासाठी सहसा नागरिकत्वाची अट नसते. एच-वन-बी व्हिसावर असलेला पालक मत देऊ शकत नाही, पण ज्या जिल्ह्यात तो घरपट्टी भरतो आणि ज्याच्या शाळांसाठी त्याने घर घेतले, तिथे उभे राहून त्याला साधे प्रश्न विचारता येतात. राज्यव्यवस्थेचा विषय बारावीच्या एकाच सत्रात का? पुनर्रचनेचा काळ हायस्कूलमध्ये पुन्हा का शिकवला जात नाही? परराष्ट्र धोरणावरचे किती मूळ कागद आमची मुले चार वर्षांत वाचतात? पुस्तकांची खरेदी आणि अभ्यासक्रमाचा फेरविचार हे विषय याच बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतात, आणि ज्यांना एखादे पुस्तक काढून टाकायचे असते ते लोक तिथे वेळेवर हजर असतात.